दक्षिणा, बक्षीस आणि अर्ज : १८४९ च्या विनंतीपत्राचा पुनर्विचार

लोकभाषेतील ग्रंथनिर्मितीसाठी सार्वजनिक निधीतून द्रव्य मागण्याची रीत आज इतकी रूढ झाली आहे की, तिलाही काही इतिहास आहे याचा सहसा विसर पडतो. विहित नमुन्यातील अर्ज, जाणकारांचा अभिप्राय, समितीचा निर्णय आणि मग मंजुरी अथवा नकार, हा क्रम स्वाभाविकच वाटू लागतो. वस्तुतः महाराष्ट्रात हा क्रम एका विशिष्ट काळी आणि बऱ्याच संघर्षानंतर सिद्ध झाला. त्याचा आरंभ १८४९ मध्ये पुण्यातील काही सुशिक्षितांनी मुंबई सरकारकडे केलेल्या अर्जात शोधावा लागतो. दक्षिणा फंडाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च करावा, ही त्या अर्जातील मुख्य मागणी होती.

ज्या निधीतून ही मागणी झाली त्याचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या दाभाडे घराण्याने सुरू केली, असे परंपरा सांगते. पुढे ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात देशोदेशींचे ब्राह्मण जमत. शास्त्र्यांची परीक्षा होई आणि त्यांना योग्यतेनुसार द्रव्य दिले जाई. मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत विद्वत्तेची कसोटी सैल होऊन दानधर्माचाच भाग वाढला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने ही प्रथा एकाएकी बंद केली नाही. नव्या राज्याविषयी पुण्यातील प्रतिष्ठित वर्गाचे मन कलुषित होऊ नये, ही राजकीय दृष्टी त्यामागे उघडच होती. ह्याच निधीच्या आधाराने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. १८३६ च्या सुमारास सरकारचे धोरण बदलले. नव्या व्यक्तींना दक्षिणा सुरू करावयाची नाही आणि जुन्या दक्षिणादारांना मात्र ती हयातीपर्यंत चालू ठेवावयाची, असे ठरले. परिणामी दरवर्षी काही रक्कम मोकळी होऊ लागली. तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न येथून निर्माण झाला.

ह्या प्रश्नाला १८४९ च्या अर्जदारांनी दिलेले उत्तर त्या काळाच्या मानाने धाडसी होते. अर्जदारांचे अग्रणी गोपाळ हरि देशमुख तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. 'लोकहितवादी' ह्या नावाने त्यांची शतपत्रे १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये प्रसिद्ध होत होती. त्याच वर्षी पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली होती आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. म्हणजे नव्या विद्येचा प्रसार करू पाहणारा एक लहान वर्ग शहरात तयार झाला होता. वर्गणी जमवून ग्रंथालय चालविणे त्याला शक्य होते. ग्रंथ लिहविणे, छापणे आणि ते अल्प किमतीत लोकांच्या हाती देणे मात्र केवळ वर्गणीवर साधणारे नव्हते.

येथे दोन शब्दांच्या अर्थांतील भेद उद्बोधक ठरतो. दक्षिणा मुळात धर्मकृत्याच्या शेवटी व्यक्तीला दिली जाते. घेणाऱ्याचा वर्ण आणि अधिकार हा तिच्या कल्पनेचाच भाग असतो. फारसीतून मराठीत आलेल्या बक्षीस ह्या शब्दाला असे बंधन नाही. पूर्वी ते धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. एकोणिसाव्या शतकातील शिक्षणखात्याच्या व्यवहारात त्याला 'कृतीच्या गुणाबद्दल दिलेले पारितोषिक' असा निश्चित अर्थ आला. दक्षिणेचे बक्षिसात रूपांतर करा, असे म्हणण्याचा अर्थ परीक्षा व्यक्तीची न होता ग्रंथाची व्हावी, हा होता. शिवाय तो ग्रंथ संस्कृतात नसून मराठीत असावयाचा होता. त्यामुळे त्याचा लाभ कोणाला व्हावा, याचेही उत्तर त्यातच आले. ज्या भाषेतील ग्रंथ सर्व जातींच्या लोकांना वाचता येईल, त्या भाषेकडे निधीचा ओघ वळवावयाचा होता.

सनातनी पक्षाने हा भेद अचूक ओळखला होता. म्हणूनच त्याचा क्षोभ केवळ द्रव्यहानीपुरता राहिला नाही. अर्जदारांविरुद्ध पुण्यात मोठा गहजब झाला आणि त्यांना दहशत घालण्याचे प्रयत्न झाले. अशा वेळी फुले यांनी महार-मांग समाजांतील सुमारे दोनशे माणसे संरक्षणासाठी उभी केली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. ज्यांना रमण्यात दक्षिणेसाठी प्रवेश मिळणे केवळ अशक्य होते, त्यांनीच तिच्या नव्या विनियोगाच्या मागणीला बळ दिले, ही गोष्ट ह्या प्रकरणाच्या सामाजिक अर्थाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे.

मागणी अंशतः मान्य झाली. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. तिच्या आश्रयाने मराठीत जी पुस्तके निघाली, त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांची 'वेणीसंहार' (१८५७) आणि 'उत्तररामचरित' (१८५९) ही भाषांतरे त्यांपैकी होत. निधीचा आणखी एक भाग पुढे महाविद्यालयांतील दक्षिणा फेलोशिपकडे वळविण्यात आला आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे त्या फेलोंपैकी होते. मराठी गद्याची आणि विद्यापीठीय संशोधनाची पायाभरणी होत असता त्या दोहोंना ह्या निधीचे साहाय्य झाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

तथापि एक प्रश्न १८४९ च्या अर्जाने सोडविला नव्हता. परीक्षा ग्रंथाची होणार, हे ठरले. परीक्षक कोण असणार, हे मात्र ठरले नव्हते. १८५५ मध्ये फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि ह्याच कमिटीकडे पाठविले. गरोदर कुणबी स्त्री आणि तिचा नवरा यांना जोशी ग्रहशांतीच्या नावाखाली कसे नाडतो, हा त्याचा विषय आहे. विदूषक मधून मधून मर्मभेदक टीका करीत राहतो आणि शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत शिकण्याचा निश्चय करते. विषय, भाषा आणि हेतू ह्या तिन्ही दृष्टींनी 'लोकोपयोगी मराठी ग्रंथ' ह्या वर्णनात बसणारी ही कृती कमिटीने नापसंत केली. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा खुलासा फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) स्वतः केला आहे. ते नाटक बाजूला ठेवून आपण काही वर्षांनी 'ब्राह्मणांचे कसब' (१८६९) हे दुसरे पुस्तक स्वखर्चाने छापविले, असेही त्यांनी तेथे नोंदविले आहे.

फुले यांचे हे निवेदन एका पक्षाचे आहे, हे मान्य करूनच त्याचा विचार करावयास हवा. पण त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. निधीच्या इतिहासाची साधने बहुधा मंजुरीची असतात. बक्षीसप्राप्त ग्रंथ छापले जातात, त्यांच्या मुखपृष्ठावर कमिटीचे नाव येते, ग्रंथसूचीत त्यांची नोंद होते. नाकारलेल्या अर्जाची स्मृती अर्जदाराने स्वतः जपली तरच उरते. अव्वल इंग्रजीतील मराठी नाटकाचा इतिहास दीर्घकाळ संस्कृत व इंग्रजी भाषांतरांच्या आधाराने सांगितला गेला, त्याचे एक कारण येथे सापडते. कुणब्याच्या घरातील बोलणे ज्या नाटकात होते, त्याला छापील अस्तित्वच मिळाले नव्हते. निधीने काय घडविले याबरोबर निधीने काय अडविले, हेही पाहिल्याशिवाय त्या काळच्या वाङ्मयाचे चित्र पुरे होत नाही.

ह्या प्रकरणाचा उत्तरार्ध विसाव्या शतकात घडला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' प्रसिद्ध केले. 'तृतीय रत्न' त्या आवृत्तीत नव्हते. नाटकाची संहिता १९७९ मध्ये 'पुरोगामी सत्यशोधक' ह्या नियतकालिकात प्रथम छापली गेली आणि नंतर समग्र वाङ्मयाच्या पुढील आवृत्तीत तिचा समावेश झाला. एका सार्वजनिक निधीने १८५५ मध्ये नाकारलेली कृती दुसऱ्या सार्वजनिक निधीतून छापली जाण्यास सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ लोटावा लागला.

अर्ज हा शब्द अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आला. 'समोर मांडणे' हा त्याचा मूळ अर्थ होय. १८४९ च्या अर्जदारांनी सरकारसमोर मराठी भाषेचा हक्क मांडला आणि तो काही अंशी मान्य झाला. फुले यांनी १८५५ मध्ये त्याच भाषेतील उपेक्षितांचे बोलणे मांडले, तेव्हा तो हक्क त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. दक्षिणा फंडाच्या अभ्यासकाने ह्या दोन्ही अर्जांचे वाचन एकत्रच केले पाहिजे.