पांखरांचा निवारा

मराठी बालकाला घराची पहिली ओळख होते ती चिऊकाऊच्या गोष्टींतून. चिमणीचें घर मेणाचें आणि कावळ्याचें शेणाचें, असें गोष्ट सांगते. प्रत्यक्षांत चिमणी मेणाचें घर बांधीत नाहीं. ती माणसाच्या आश्रयास येते. सातारा-सांगलीकडील जुन्या वाड्यांत मातीच्या भिंतींना भोकें असत, आढ्याखालीं सांदी असे, तसबिरीमागें जागा असे. खालीं पडलेल्या काड्या झाडतांना गृहिणी कुरकुरे. पण घरटें मोडण्यास तिचा हात धजत नसे. पुढें वाडे पडले, सिमेंटच्या गुळगुळीत भिंती उभ्या राहिल्या, आणि कोणी न हांकलतां चिमणी बेघर झाली.

पक्ष्यांना अभय देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनीं कोरविलेल्या स्तंभलेखांत सम्राट अशोकानें राघू, मैना, चक्रवाक, हंस इत्यादि पक्षी अवध्य ठरविले. परंतु अभय देणें निराळें आणि घर देणें निराळें. हें दुसरें कार्य इंग्लंडांत चार्लस वॉटर्टन या विक्षिप्त गणल्या गेलेल्या जमीनदारानें आरंभिलें. यॉर्कशायरमधील आपल्या वॉल्टन हॉलच्या उपवनाभोंवतीं त्यानें १८२१ ते १८२६ या काळांत सुमारें तीन मैलांची भिंत घातली. आंत बंदुकीस मज्जाव केला, आणि भोकांत घरटें करणाऱ्या पक्ष्यांसाठीं दगडी बुरुजांत व मातीच्या बांधांत बिळें करून ठेवलीं.

जर्मनींत झेबाख येथील बॅरन फॉन बर्लेप्श यानें याला शास्त्राचें रूप दिलें. सुतारपक्ष्यानें कोरलेल्या ढोलींचें निरीक्षण करून त्यानें तशाच आकाराचे ओंडके आंतून पोखरविले व झाडांवर टांगले. १९०५ सालीं आसपासचें अरण्य सुरवंटांनीं निष्पर्ण केलें असतां त्याचें रान हिरवें राहिलें. तेव्हांपासून ही पेटी शेतकऱ्याच्याहि हिताची वस्तु ठरली.

पक्ष्याला न मारतां त्याच्या संसाराकडे धीरानें पाहणें, ही विद्या आपल्याकडे डॉ. सलीम अली यांनीं रुजविली. १९३० सालीं कुलाबा जिल्ह्यांतील किहीम येथें त्यांनीं सुगरण पक्ष्याचें निरीक्षण केलें. नर घरटें अर्धवट विणतो, मादी तें पसंत करून त्यांत राहावयास येते, आणि मग नर दुसऱ्या घरट्यास लागतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. महाराष्ट्रांत चिमणीसाठीं लाकडी घरांची चळवळ नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनीं केली. त्यांच्या संस्थेच्या पुढाकारानें २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो.

१९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्यांतून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. याच भागांत, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रें या जन्मगांवाजवळ, सागरेश्वराच्या उजाड टेकड्या होत्या. धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानें तेथें झाडें लावलीं गेलीं, वन उभें राहिलें, आणि १९८५ सालीं सुमारें ११ चौरस किलोमीटरचें तें क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झालें. मनुष्यानें उजाड माळावर वन निर्माण केल्याचें असें उदाहरण विरळा.

तथापि लावलेलें झाड कितीहि जोमानें वाढलें, तरी त्याला ढोली पडण्यास अनेक वर्षें जावीं लागतात. पोपट, पिंगळा, साळुंकी, दयाळ यांना हवी असते ती हीच ढोली. मधल्या काळांत लाकडी पेटी उपयोगी पडते. चिमणीसाठीं तिचें दार सव्वा इंचाहून फारसें मोठें नसावें, दयाळासाठीं अधिक रुंद असावें. दारापुढें दांडी नको, कारण शत्रूला तिचा आधार होतो. तळाशीं पाणी निथळण्यास बारीक छिद्रें असावींत, आणि दुपारचें ऊन पेटीवर येऊं नये. एकदां पाखरूं आंत गेलें कीं झांकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. चिमणीचीं अंडीं पंधरवड्याच्या आंत फुटतात, आणि आणखी सुमारें पंधरवड्यानें पिलें उडून जातात.

तरीहि पेटी ही वृक्षाची बरोबरी करूं शकत नाहीं. बागेंतला वठलेला, पोकळ झालेला आंबा निरुपयोगी समजून तोडावयाचा आणि त्याच्या जागीं पेट्या टांगावयाच्या, हा व्यवहार तोट्याचा आहे. त्या एका खोडांत पांखरांच्या कित्येक पिढ्या वाढलेल्या असतात. पेटी टांगणें हें पुण्य आहेच. पण जुनें झाड राखणें हें त्याहून मोठें पुण्य होय.