खताचा खड्डा आणि शाळेचे वेळापत्रक

जिल्हा परिषदेच्या कित्येक जुन्या शाळांच्या फलकावर आजही ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असे शब्द दिसतात. या नावाचे मूळ शोधू लागलो की आपण वर्ध्याला पोचतो.

तेथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. त्यातील वेळापत्रक मुळातून पाहण्याजोगे आहे. शाळेचे साडेपाच तास. त्यांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, मातृभाषेला ४० मिनिटे, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोहोंना मिळून अवघी ३० मिनिटे! कोणाही विज्ञानवाल्याला हे खटकेल. पण समवाय पद्धतीत विज्ञान त्या अर्ध्या तासात संपवायचे नव्हतेच. ते कापसातून, मातीतून, विहिरीच्या पाण्यातून निघायचे होते.

सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने हा प्रयोग उभा केला. सफाई, स्वयंपाक आणि बाग ही तेथे शाळेबाहेरची कामे नव्हती, तोच अभ्यास होता. खताचेच उदाहरण घेऊ. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली होती. पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग ठरावीक दिवसांनी उलटायचा. जिवाणूंना कर्ब ऊर्जेसाठी हवा, नत्र वाढीसाठी. हे प्रमाण साधारण तीसास एक असले की ढीग पेटल्यासारखा तापतो, अगदी ६० अंश सेल्सिअसपर्यंत. नुसता पाला टाकला तर तो महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. शेण फार झाले तर अमोनियाचा वास सुटतो, म्हणजे नत्र हवेत चालला. मुलाला हे नाकाने कळते, सूत्र मागाहून.

वर्ध्यातच मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा हाच हिशेब अर्थशास्त्रात मांडत होते. निसर्गाचा साठा संपवून जगायचे की त्याच्या चक्रात राहून, हा त्यांच्या १९४५ च्या ग्रंथाचा गाभा होता. ‘शाश्वत विकास’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

मात्र या योजनेत एक धोका होता, आणि तो झाकिर हुसेन यांना दिसला. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा यावर भर गेला, तर शिक्षक मुकादम बनेल आणि टकळी पुस्तकाहून वाईट ठरेल, असे त्यांनी बजावले होते. पुढे ठिकठिकाणी सूत मोजले गेले, पण त्यामागचे प्रश्न कोणी विचारले नाहीत. आमच्या मते ही योजना थकली ती येथे. नावे फलकांवर उरली.

पर्यावरण शाळेत परतले ते न्यायालयामार्फत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय सक्तीचा करण्यास सांगितले; पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करण्याचा आदेश १८ डिसेंबर २००३ चा. विषय आला, गुण आले, प्रकल्पवह्याही आल्या. (त्या कोण लिहितो, हे शिक्षकांना सांगायला नको.) तासिका मिळाली, खड्डा मिळाला नाही.

सेवाग्रामची बंद पडलेली शाळा २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने पुन्हा सुरू झाली. तिच्या वेळापत्रकात शेती आणि स्वयंपाक आहेत.