रमाबाईंचे छप्पर

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. त्यांनी स्त्रियांसाठी काय केले, आणि धर्म का बदलला. या वादात एक साधी गोष्ट नजरेआड होते. सिल्चरचा, दोन वर्षेही न टिकलेला संसार सोडला तर वयाच्या तिशीपर्यंत या बाईला स्वतःचे घर नव्हते. घर नसणे आणि देवावर हवाला ठेवणे या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात सोबतच वाढल्या.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तेथे घर बांधले, शिष्य ठेवले, पत्नीला संस्कृत शिकवले. आतिथ्यापायी कर्ज झाले आणि ते घर सुटले. तेव्हा रमाबाई काही महिन्यांच्या होत्या. पुढची वर्षे देवळांच्या आवारात पुराणे सांगण्यात गेली. मिळालेले दान पुन्हा दानधर्मातच जाई. विधी यथासांग केले की देव सांभाळतो, हा शास्त्रीबुवांचा हिशेब. आज त्याला हसणे सोपे आहे, पण वर्षानुवर्षे तो हिशेब जुळत होता हे विसरू नये. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात तो फसला. मजुरी करावी तर कुळाचा अभिमान आड येई, भीक मागणे तर त्याहून अशक्य. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली.

उरलेली भावंडे चालत राहिली. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, आत बसून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. हे रमाबाईंनी लिहिले ते १९०७ साली, ख्रिस्ती झाल्यानंतर जवळजवळ पाव शतकाने. जुन्या श्रद्धेची निष्फळता दाखवण्याचा हेतू त्या निवेदनामागे आहे, म्हणून ते जपूनच वाचावे लागते. तरी त्या खड्ड्याची आठवण मला कोणत्याही प्रचाराहून बळकट वाटते. छप्पर म्हणजे काय, हे तो खणणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले, पुढच्या वर्षी पुण्यास आले. खर्चाची हमी अमेरिकेतील मंडळाने दिली होती, पण दहाच वर्षांची. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तो संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणवत नाही. या घरात आसरा आणि धर्म यांच्यामधली भिंत पातळ होती.

मुदत संपत आली तशी रमाबाईंची चिंता वाढली. या काळात त्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचत होत्या. माणसांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालय चालवणारा हा गृहस्थ. रमाबाईंनी प्रार्थना केली, आणि पुण्यापासून चौतीसेक मैलांवर केडगावला जमीनही घेतली. फळबाग लावावी, विहिरी खणाव्यात, उत्पन्नावर सदन चालवावे, असा बेत. वडिलांच्या आणि मुलीच्या भरवशातला फरक मला येथे दिसतो. अनंतशास्त्री देवाची वाट पाहत होते. रमाबाई विहिरीला पाणी लागण्याची वाट पाहत होत्या आणि त्यालाच देवाची वाट पाहणे म्हणत होत्या. म्यूलरचे व्रतही त्यांनी तंतोतंत पाळले नाही. पत्रे आणि अहवाल जातच राहिले.

बाग धड वाढायच्या आत १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पण पुण्यात प्लेग, शहरात नव्या मुली ठेवण्यास मज्जाव. मग केडगावच्या उघड्या रानात तंबू आणि कामचलाऊ छपरे उभी राहिली. फळबागेची जमीन मुक्तिसदन झाली ती अशी, योजनेबाहेर.

त्याच १९०७ च्या निवेदनात वडिलांचा शेवटचा निरोप आहे. धाकट्या लेकीला त्यांनी देवाच्या हाती सोपवले आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर म्हणून सांगितले. ती प्रार्थना देवाने ऐकली, असे रमाबाई नोंदवतात. देव कोणता, यावर त्या तेथे वडिलांशी भांडत नाहीत.