व्हॅलग्रिंड इन्स्टॉल होत नाही किंवा चालत नाही? हे तपासा

सी प्रोग्राम घरी नीट चालतो आणि प्रॅक्टिकलला 'सेगमेंटेशन फॉल्ट' देतो, तेव्हा चूक बहुधा मेमरीत असते. ती शोधणारं मोफत टूल म्हणजे व्हॅलग्रिंड. ज्युलियन सिवर्ड यांनी सुरू केलेलं हे टूल 2002पासून लिनक्सवर आहे. खालचे उपाय उबंटू आणि डेबियनसाठी आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्यात. टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

1. 'अनेबल टू लोकेट पॅकेज'
पॅकेजची यादी जुनी असू शकते. आधी 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हॅलग्रिंड'.

2. मध्येच लाइट गेली
अलिबाग-मुरुड पट्ट्यात पावसाळ्यात हे नवीन नाही. पीसी बंद पडला की पॅकेज अर्धवट राहतं आणि 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असा एरर येतो. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. फक्त हॉटस्पॉट तुटला असेल, तर तीच इन्स्टॉलची आज्ञा परत द्या. 'लॉक' मिळत नाही असं आलं, तर बहुतेक दुसरं अपडेट चालू असतं. थांबा, लॉक फाइल डिलीट करू नका.

3. 'फेटल एरर ॲट स्टार्टअप'
इथे बरेच जण व्हॅलग्रिंड काढून परत टाकतात. उपयोग होत नाही, कारण दोष त्याचा नसतो. व्हॅलग्रिंड सिस्टीमची काही फंक्शन्स स्वतःच्या फंक्शन्सनी बदलतं. त्यासाठी त्यांची नावं लागतात आणि जागा वाचवायला ती लायब्ररीतून काढलेली असतात. ती नावं 'लिबसी6-डीबीजी' या पॅकेजमध्ये मिळतात. ते इन्स्टॉल करा. प्रोग्राम 32 बिट असेल, तर त्याच पॅकेजची 'आय386' आवृत्ती लागते.

4. 'फेल्ड टू स्टार्ट टूल मेमचेक'
सोर्सवरून इन्स्टॉल करून फोल्डर हलवलं की हा एरर येतो. इन्स्टॉलची जागा बिल्ड करतानाच ठरते. हव्या त्या जागेची 'प्रिफिक्स' देऊन पुन्हा 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल' करा.

खात्री कशी करायची?
'मॅलॉक'ने 10 बाइट्स घ्या आणि मुद्दाम 'फ्री' करू नका. '-जी' लावून कंपाइल करा, म्हणजे ओळीचा नंबरही दिसेल. ॲड्रेस सॅनिटायझर लावू नका, दोन्ही एकत्र चालत नाहीत. आता '--लीक-चेक=फुल' देऊन व्हॅलग्रिंड चालवा. प्रोग्राम 20-30 पट हळू चालेल, ते नॉर्मल आहे. 'डेफिनिटली लॉस्ट: 10 बाइट्स' दिसलं, की टूल तयार. मुद्दाम केलेली चूक सापडली, तरच पुढचा 'झिरो एरर्स' खरा माना.