घोडीच्या रक्तांतील संदेश

घोडीच्या पोटांत शिंगरूं सुमारें अकरा महिने वाढतें. यांपैकीं पहिल्या चार महिन्यांत गर्भाशय आणि रक्ताभिसरण यांचा जो व्यवहार चालतो, त्याचा उलगडा होण्यास साठ वर्षें लागलीं. आणि जें कार्य आईचें म्हणून समजलें जात होतें, तें अखेर गर्भाचें ठरलें.

१९१२ सालीं शाउडर या जर्मन संशोधकानें गाभण घोडीच्या गर्भाशयाच्या अस्तरावरील फिकट, वाटीसारख्या खळग्यांचें वर्णन केलें. त्यांची मांडणी बहुधा नालाच्या आकाराची असते. हे खळगे कशासाठीं, हें मात्र त्या वेळीं उमगलें नाहीं.

पुढें १९३० सालीं कॅलिफोर्नियांत कोल व हार्ट यांनीं गाभण घोडींचें रक्त घेतलें. रक्त गोठल्यावर जें पिवळसर पाणी सुटतें, तें त्यांनीं अल्पवयी उंदरिणींस टोंचलें. तेव्हां त्यांचीं अंडाशयें अकालीं पक्व झालीं. हा गुण रक्तांत सुमारें चाळिसाव्या दिवशीं प्रकट होतो, साठ-सत्तर दिवसांच्या सुमारास कळसास पोहोंचतो आणि चौथ्या महिन्याच्या अखेरीस ओसरतो. गर्भवती स्त्रीच्या लघवींत अशाच जातीचा स्राव सांपडतो. घोडीच्या बाबतींत तो मूत्रपिंडांच्या चाळणींतून फारसा गळत नाहीं, रक्तांतच फिरत राहतो. घोडीच्या अंडाशयांत पोहोंचून तो गर्भ टिकविणाऱ्या दुसऱ्या स्रावाची वाढ करतो.

१९४३ सालीं कोल व गॉस यांनीं या स्रावाचा उगम त्या खळग्यांतच असल्याचें दाखविलें. खळगे आईच्या अस्तरांत, तेव्हां स्रावही आईचाच, असा समज होणें साहजिक होतें. परंतु १९६० नंतरच्या दशकांत एक विसंगति ठळक झाली. घोडी गाढवापासून गाभण राहून पोटांत खेचर वाढत असेल, तर तिच्या रक्तांत हा स्राव फारच थोडा आढळे. आई तीच, गर्भ मात्र वेगळा!

केंब्रिज येथें ॲलन व मूर यांनीं १९७२ सालीं गर्भावरणाच्या पेशी कांचपात्रांत वाढविल्या. त्यांनींच तो स्राव निर्माण केला. सुमारें छत्तिसाव्या दिवसापासून या पेशी आईच्या अस्तरांत शिरून खळगे रचतात. पुढें आईच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांस वेढून अखेर नष्ट करतात.

या ज्ञानाचें मोल घोडे पाळणारा जाणतो. खळगे तयार झाल्यावर गर्भ गेला, तरी ते कांहीं काळ स्रवतच राहतात. घोडी नीट माजावर येत नाहीं आणि वर्षाचा हंगाम हातचा जातो. म्हणूनच जुळ्यांपैकीं एक गर्भ कमी करावयाचा असल्यास पशुवैद्य तो पस्तीस दिवसांच्या आंत करतात.

याच स्रावापासून डुकरिणी व मेंढ्या ठराविक वेळीं माजावर आणण्याचें औषध बनलें आणि त्यासाठीं गाभण घोड्यांचें रक्त काढण्याचा धंदा उभा राहिला. २०२१ सालीं आइसलंडमधील रक्तसंकलनाचीं चलच्चित्रें प्रसिद्ध झालीं आणि घोड्यांस मिळणाऱ्या वागणुकीबद्दल मोठा गहजब उडाला. शिंगराच्या रक्षणासाठीं निसर्गानें जें रक्तांत सोडलें, त्यावर माणसानें आपला हक्क किती सांगावा, हा प्रश्न प्रयोगशाळेनें सुटणारा नाहीं. तो विवेकानेंच सोडवावयाचा आहे.