चांदीवरचं नाव

घरात चार पैसे शिल्लक पडले की ठेवायचे कुठे, हा प्रश्न सगळ्या मुलखांत सारखाच. सतराव्या शतकातल्या बॉस्टनमध्ये बँक नव्हती. व्यापारात हाती आलेली स्पॅनिश चांदीची नाणी लोक सोनाराकडे नेत आणि आटवून त्यांचे प्याले, वाडगे, चमचे करून घेत. चोरीला गेलेलं नाणं ओळखायचं कसं? प्याल्याचं तसं नव्हतं. त्याच्यावर मालकाची अक्षरं असत आणि सोनाराचा ठसाही. पुढे वर्तमानपत्रं निघाली, तेव्हा चोरीच्या जाहिरातीत या ठशाचं वर्णन येऊ लागलं.

हा ठसा मला फार महत्त्वाचा वाटतो. लंडनमध्ये चांदीचा कस कारागिरांचा संघ तपासत असे आणि खात्री पटली की तिच्यावर सिंह उमटवत असे. अमेरिकेत, बाल्टिमोर शहरातला थोड्या वर्षांचा अपवाद सोडला, तर अशी सोयच नव्हती. सोनाराचं नाव हीच हमी. १६५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने टांकसाळ काढली, तीही जॉन हल आणि रॉबर्ट सँडरसन या दोन सोनारांच्या भरवशावर. आम्ही गझल लिहिणारे शेवटच्या शेरात आपलं तखल्लुस गुंफतो. पण आमच्या शेराचं वजन खोटं निघालं, तर कुणाचं दिवाळं निघत नाही!

या सोनारांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पॉल रेव्हिअर. त्याचे वडील फ्रान्समधून आलेले प्रॉटेस्टंट निर्वासित. पोरवयात बॉस्टनला येऊन जॉन कोनी या सोनाराचे शागीर्द झाले. १७६८ मध्ये इंग्रजांच्या करांविरुद्ध मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने इतर वसाहतींना पत्र पाठवलं. ते मागे घ्या, असा हुकूम आला. ९२ सभासदांनी नकार दिला. त्यांच्या सन्मानार्थ रेव्हिअरने चांदीचा एक वाडगा घडवला आणि तो करवून घेणाऱ्या १५ जणांची नावं त्याच्या काठाखाली कोरली. राजद्रोहाचा ठपका येऊ शकेल, अशा काळात माणसं आपली नावं धातूवर कोरून घेत होती! आज हा वाडगा बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. पुढे लॉन्गफेलो या कवीने रेव्हिअरला लोकांच्या मनात कायमचं घोड्यावर बसवलं आणि त्याची हातोडी मागे पडली. कवी असे अन्याय करतात.

पण प्रत्येक हाताला ठसा मिळत नव्हता. दक्षिणेत चार्ल्स्टनच्या पेढ्यांवर गुलाम कारागीर राबत. वस्तूवर नाव मालकाचं पडे. म्हणून पीटर बेंटझनचं मोल मोठं. कॅरिबियन बेटावर जन्मलेला हा आफ्रिकी वंशाचा स्वतंत्र कारागीर फिलाडेल्फियात काम शिकला, आणि त्याचा स्वतःचा ठसा असलेली चांदी आजही पाहायला मिळते.

मग यंत्रं आली. प्रॉव्हिडन्समध्ये जेबेझ गोरहॅमने १८३१ मध्ये चमच्यांचं दुकान काढलं होतं. मुलगा जॉन याने १८५० च्या दशकात तिथे वाफेवरचे दाबयंत्र बसवले. १८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉकची प्रचंड खाण सापडली आणि चांदीला तोटा उरला नाही. जुनी चांदी नाण्यांच्या कसाची, म्हणजे हजारात साधारण ९००. स्टर्लिंग मात्र ९२५, बाकीचं बहुतेक तांबं. टिफनीने १८५१ मध्ये आणि गोरहॅमने १८६८ मध्ये स्टर्लिंगचा कस स्वीकारला. गोरहॅमच्या खुणेत सिंह, नांगर आणि जी हे अक्षर. इंग्रजी थाटाचा हा सिंह कंपनीने स्वतःच पाळलेला! स्टर्लिंग या शब्दामागे देशभर कायदा उभा राहिला तो १९०६ मध्ये. ठसा आता कंपनीचा झाला. चमचा घासून चकचकीत करणाऱ्या मजुराचं नाव कुठेच उरलं नाही.

१९७९ च्या सुरुवातीला औंसाला सुमारे ६ डॉलर असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये ५० डॉलरच्या जवळ पोहोचली. टेक्सासच्या हंट बंधूंनी बेसुमार चांदी साठवली होती. भाव पाहून अमेरिकेतल्या घराघरांतून आजीचे चमचे, चहादाण्या मोडीत निघाल्या. मार्चमध्ये भाव कोसळला, पण तोवर कितीतरी चांदी मुशीत गेली होती. त्या मोडीला भाव मिळाला तो वजनाचा. घडणावळीचा नाही, आणि तळाशी असलेल्या नावाचा तर नाहीच.