पत्त्यांतलीं चित्रें आणि प्रतिभेचा कौल

पत्ते म्हटले कीं मराठी गृहस्थाच्या मनांत साधारणतः दोन चित्रें उभीं राहतात. एक, गोकुळाष्टमीच्या रात्रीं चाळीच्या गॅलरींत जागरणासाठीं रंगलेला डाव. आणि दुसरें, सर्वस्व हरून मान खालीं घालून बसलेल्या धर्मराजाचें, कारण पत्ते आणि फांसे यांना वडीलधाऱ्यांनीं नेहमीं एकाच पंक्तीस बसविलें. गिरगांवांत किंवा दादरास आयुष्य घालविलेल्यांना आणखीही एक चित्र आठवेल. पदपथावर पिंजरा मांडून पोपटवाला बसे. पोपट डौलानें बाहेर येई, चोंचीनें एक पाकीट ओढी, त्यांतील चित्रावरून मालक गिऱ्हाइकाचें भवितव्य सांगे, आणि पोपट दाणा खाऊन पुन्हां आंत जाई. या सर्व व्यवहारांत निश्चित लाभ होई तो त्या पोपटाचाच.

खेळ, जुगार आणि भविष्य या तिन्हींहून निराळा असा पत्त्यांचा एक चवथा उपयोग आतां शहरांतून रूढ झाला आहे. लेखणी अडलेला लेखक किंवा कुंचला थबकलेला चित्रकार टॅरो नांवाचे युरोपीय पत्ते पिसतो, एक पत्ता उलटा करतो आणि त्यावरील चित्राकडे पाहत बसतो. ढगांतून बाहेर आलेला एक हात, त्यांत नुकतीच पालवी फुटलेली काठी. किंवा मेजावर पेला, तरवार, काठी आणि नाणें मांडून उभा असलेला जादूगार. "उद्यां काय होईल?" हा प्रश्न तो विचारीत नाहीं. "माझें कोठें अडलें आहे?" हा त्याचा प्रश्न असतो. हा प्रकार परदेशी म्हणून हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, आणि गूढ म्हणून डोक्यावर घेण्याजोगाही नाहीं. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे दोन्ही गोष्टी समजतात.

टॅरोचा जन्म भविष्य सांगण्यासाठीं झालाच नाहीं. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत उत्तर इटलींतील दरबारांत तो एक खेळ म्हणून अवतरला. चार रंगांचे पत्ते युरोपांत त्यापूर्वींच, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, बहुधा इजिप्तच्या मामलूक राज्यांतून पोंचले होते. इटालियनांनीं त्यांत २२ चित्रांची भर घातली आणि ५६ व २२ मिळून ७८ पत्त्यांचा संच सिद्ध झाला. मिलानच्या सरदार घराण्यांसाठीं १४५० च्या सुमारास रंगविलेले सोनेरी वर्खाचे संच अद्याप जपलेले आहेत. पुढें तीन शतकेंपर्यंत लोक त्यांनीं डाव खेळले. मग १७८१ सालीं कूर द झेबलँ नांवाच्या एका फ्रेंच पंडितानें असें प्रतिपादन केलें कीं हीं चित्रें म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ होय. त्या वेळीं इजिप्तची चित्रलिपि जगांत कोणालाच वाचतां येत नव्हती. शांपोल्यॉंनें ती उलगडली १८२२ मध्यें. ज्या भाषेचें एक अक्षर समजत नाहीं तिच्यांतील ग्रंथ वाचल्याचा आव आणणें पंडितांना नेहमींच सोपें जातें. परंतु कल्पना लोकांना रुचली, आणि खेळाचे पत्ते भविष्याचे झाले.

या इतिहासांत एका स्त्रीची उपेक्षा झाली आहे. आज जगभर जो संच सर्वांत अधिक चालतो, तो १९०९ सालीं लंडनमध्यें निघाला. त्याचें श्रेय बहुधा योजक आर्थर वेट व प्रकाशक रायडर यांना दिलें जातें. चित्रें काढलीं तीं पामेला कोलमन स्मिथ हिनें. तत्पूर्वींच्या बहुतेक संचांत दुर्री-तिर्रीवर केवळ चिन्हें असत. हिनें साध्या अंकाच्या पत्त्यांवरही माणसें, घरें, वादळें आणि नावा रंगविल्या. नाटकमंडळींत वावरलेली असल्यामुळें प्रत्येक पत्ता हा तिला एक प्रवेश वाटला असावा. पाहणाऱ्याच्या मनांत कथा सुरू होते ती या चित्रांमुळें. काम मोठें आणि पैसा थोडा, अशी तक्रार तिनें स्वतःच एका पत्रांत केली आहे. १९५१ सालीं ती वारली तेव्हां डोक्यावर कर्ज होतें.

या गूढविद्येच्या लाटेशीं गिरगांवचा थोडासा संबंध आहे. थिऑसफीच्या प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट हीं दोघें १८७९ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरलीं तीं गिरगांव बॅक रोडवर राहिलीं, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथूनच त्यांचें 'थिऑसफिस्ट' मासिक सुरू झालें. टॅरोवर १८८९ मध्यें ग्रंथ लिहिणारा पॅरिसचा पाप्यूस हा याच मंडळाच्या फ्रेंच शाखेंत वावरलेला होता. संबंध आहे तो एवढाच. खरी महत्त्वाची घटना गिरगांवांत घडली ती निराळ्याच चित्रांमुळें.

१९११ च्या सुमारास गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नांवाच्या तंबूंत ख्रिस्तचरित्राचा मूकपट लागला होता. चाळिशीच्या घरांतले एक गृहस्थ तो पाहावयास गेले. जे. जे. कलाशाळेंत शिकलेले, बडोद्याच्या कलाभवनांत राहिलेले, छायाचित्रें काढलेले, पुराणवस्तु खात्यांत नकाशे रेखाटलेले, लोणावळ्यास छपाईचा धंदा उभारून भागीदारांशीं न जुळल्यामुळें त्यांतून बाहेर पडलेले असे हे धुंडिराज गोविंद फाळके. मधल्या काळांत आपलेंच नांव उलटें करून 'प्रोफेसर केल्फा' या नांवानें त्यांनीं जादूचे प्रयोगही केले होते. पडद्यावर ख्रिस्त चालत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें मात्र राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभीं राहिलीं, असें त्यांनीं १९१७ सालीं 'नवयुग' मासिकांत लिहिलें आहे. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज, चित्रपट पाहून पाहून डोळ्यांवर आलेलें संकट, १९१२ ची लंडनवारी, दादरच्या मेन रोडवरील बिऱ्हाडांत थाटलेला कारखाना. आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमांत 'राजा हरिश्चंद्र'.

आतां प्रश्न असा, कीं त्या तंबूंत शेंकडों लोकांनीं तेंच चित्र पाहिलें, मग स्फूर्ति एकट्या फाळक्यांनाच कां झाली? संस्कृत साहित्यशास्त्रानें याचें उत्तर पूर्वींच देऊन ठेवलें आहे. मम्मटानें काव्याचें कारण सांगतांना शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तिन्ही एकत्र धरलीं. राजशेखरानें प्रतिभेचे दोन प्रकार मानले: निर्माण करणारी ती कारयित्री आणि आस्वाद घेणारी ती भावयित्री. परक्याचें चित्र पाहतां पाहतां दुसरी पहिलीला जागी करते, आणि ती जागी व्हावयास घरांत आधीं निजलेली तरी असावी लागते! फाळक्यांच्या मनांत छपाई, छायाचित्र, जादू आणि पुराणकथा यांचा वीस-पंचवीस वर्षांचा संचय होता. ख्रिस्ताच्या चित्रानें त्यावर ठिणगी टाकली. टॅरोचा पत्ता उलटणाऱ्यानें हें ध्यानांत घेतलें तर त्याचा वेळ फुकट जाणार नाहीं. रिकाम्या मनाला पत्ता कांहीं देत नाहीं.

अशा चित्रांसाठीं मराठी माणसाला इटलीला जाण्याचें वस्तुतः कारण नव्हतें. गंजिफा इराणाकडून आली. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाला ती धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे, आणि अबुल फजलानें अकबराच्या दरबारांतील गंजिफेचें सविस्तर वर्णन केलें आहे. मोंगली संच ८ रंगांचा, ९६ पत्त्यांचा. हिंदु कारागिरांनीं तो दशावतारांवर नेऊन १० रंगांचा आणि १२० पत्त्यांचा केला: प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. परशुरामाच्या पत्त्यांवर परशु, रामाच्या पत्त्यांवर बाण, वामनाच्या पत्त्यांवर कमंडलु. दिवसा डाव मांडला तर सुरुवात रामाच्या राजानें, रात्रीं मांडला तर कृष्णाच्या! पत्ते वाटोळे. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्यांच्या खळीनें थर चिकटवीत, वर खडूचा लेप देत, रंगवीत आणि लाखेनें झिलई आणीत. एक संच पुरा व्हावयास बराच काळ लागे, आणि यंत्रावर छापलेले विलायती पत्ते स्वस्त झाल्यावर ही विद्या बुडण्याच्या बेतास आली. १९७० नंतर सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनीं उरल्यासुरल्या वृद्ध कारागिराकडून राजवाड्यांत तरुणांना ती शिकविण्याची सोय केली, म्हणून ती वांचली.

त्याच मुलखांत दशावतार रंगमंचावरही खेळतात. प्रथम गणपति, मग शारदा, मग वेद चोरणारा संकासुर. हीं पात्रें पत्त्यांसारखीं ठरलेलीं. त्यांची वेषभूषा आणि प्रवेश ठरलेला. नंतरच्या पौराणिक आख्यानाला मात्र लिखित संहिता नसते. नट आयत्या वेळीं बोलतो. देवळांतही तीच रीत: मूर्तीला कळ्या लावून कौल घ्यावयाचा, उजवी पडली तर एक अर्थ, डावी पडली तर दुसरा, परंतु कोणता प्रश्न विचारावयाचा हें गाऱ्हाणें घालणाऱ्यानेंच ठरवावयाचें. चिन्ह बाहेरचें, प्रश्न आपला. टॅरोवाल्या चित्रकाराचें याहून निराळें काय आहे?

कोंकणी चाकरमान्यानें हें सर्व परळ-लालबागच्या चाळींत आणलें. भोंगा झाला कीं साच्यावर उभें राहणारा माणूस रात्रीं अर्जुन होई किंवा दुर्योधन. सोशल सर्व्हिस लीगनें १९२२ सालीं उभारलेल्या परळच्या दामोदर नाट्यगृहांत कामगारांची रंगभूमि नांदली ती अशाच माणसांच्या बळावर. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळ गिरण्या पुन्हां उघडल्याच नाहींत. कित्येक कुटुंबें गांवीं परतलीं. ज्यांच्या जिभेवर आख्यान होतें ते नट गेले, तर त्यांची जागा घ्यावयाला छापील पुस्तक नव्हतें. पत्त्यांचा संच पेटींत ठेवतां येतो. मुखोद्गत विद्या ठेवावयाला माणूसच लागतो.

सिंधुदुर्गांत मात्र दशावताराचीं मंडळें जत्रेंतून अद्याप फिरतात. पेटारा उतरवितात, देवळामागें बसून नट स्वतःच तोंडाला रंग लावतात, आणि रंग लावतां लावतांच मालक किंवा जुना नट त्यांना सांगतो, कीं आज कोणतें आख्यान लावावयाचें आणि कोणी कोण व्हावयाचें. तेवढ्यांत मृदंगावर थाप पडते.